जबड्यातली पाण्याची गाठ, एक नळी आणि बेसिनवरची सिरिंज

ओपीजीची फिल्म उजेडासमोर धरली की कधीकधी खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, अक्कलदाढेच्या आसपास, एक गोल काळी जागा दिसते. तिच्या कडेने पांढरी बारीक रेघ असते, वाटीला काठ असावा तशी. (ओपीजी म्हणजे डोक्याभोवती फिरून दोन्ही जबडे एकाच फिल्मवर आणणारा एक्स-रे.) दुखत नाही, खुपत नाही. बहुतेक वेळा भलत्याच दातासाठी एक्स-रे काढलेला असतो आणि हे सापडतं. डॉक्टर म्हणतात, "सिस्ट आहे." घरच्यांना ऐकू येतं, "गाठ आहे." पुढचा शब्द मग कुणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो.

करोनाच्या काळात अशा रुग्णांची वेगळीच पंचाईत झाली. मोठी ऑपरेशनं पुढे ढकलली जात होती आणि मिरजेचं सरकारी रुग्णालय करोनाच्या रुग्णांसाठी राखलेलं होतं. अशा वेळी एक जुनी पद्धत पुन्हा पुढे आली: गाठ लगेच काढायची नाही, तिला छोटं भोक पाडायचं, त्यात नळी बसवायची आणि काही महिने वाट बघायची. या उपचारावर रुग्ण समाधानी असतात, असं अनेकदा वाचायला मिळतं. वाचणाऱ्याला मात्र कोडं पडतं. गाठ आतच ठेवली आणि माणूस समाधानी कसा?

आधी गाठ म्हणजे काय ते बघू

सिस्ट ही मांसाची घट्ट गाठ नसते. हाडाच्या आत तयार झालेली ती एक पिशवी असते. पातळ अस्तर आणि आत पाणी किंवा दह्यासारखा दाट ऐवज. जबड्यात सर्वांत जास्त आढळते ती मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी. दात किडला, आतली नस मेली, वर्षानुवर्षं तसाच राहिला की मुळाच्या टोकाशी ही पिशवी धरते. दुसरी असते न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती. हा दात बहुधा खालची अक्कलदाढ किंवा वरचा सुळा असतो. तिसरी केराटोसिस्ट. ही संख्येने कमी, पण सर्वांत चिवट. हिच्याबद्दल तज्ज्ञांचंही मत दोनदा फिरलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली हिला अर्बुदांच्या, म्हणजे ट्यूमरच्या, यादीत घातलं आणि २०१७ साली पुन्हा सिस्टमध्ये आणून ठेवलं. म्हणून जुन्या रिपोर्टवर 'ट्यूमर' लिहिलेलं दिसलं तर लगेच हबकून जाऊ नये.

ही पिशवी वाढते कशी, हे तासगावचा बेदाणा भिजत घालणाऱ्याला सांगायला नको. बेदाण्याच्या आत साखर दाट, बाहेर साधं पाणी, मध्ये साल. पाणी सालीतून आत शिरतं आणि रात्रीत बेदाणा टम्म फुगतो. सिस्टमध्ये अस्तराच्या मेलेल्या पेशी आत पडतात, कुजतात, आतला द्रव दाट होतो आणि आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. पिशवी फुगते, भोवतीच्या हाडावर दाब येतो, अस्तरातून हाड विरघळवणारी रसायनं सुटतात आणि हाड हळूहळू मागे सरतं. हे सगळं इतकं सावकाश चालतं की गाल फुगलेला दिसेपर्यंत आत सुपारीएवढी पोकळी झालेली असते. केराटोसिस्टचं जरा वेगळं आहे. ती फुगण्यापेक्षा हाडाच्या लांबीने पसरते, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही.

बेदाण्याला भोक पाडलं तर?

फुगणार नाही. सगळी युक्ती एवढीच. पिशवीला तोंडाच्या आत उघडणारी वाट करून दिली की आतला द्रव साठत नाही. दाब गेला की हाड विरघळणं थांबतं आणि कडेने नवं हाड धरायला लागतं. पडकी विहीर बाजूंनी ढासळत भरत जाते, तशी ही पोकळी काठाकडून मध्याकडे भरते.

याचे दोन प्रकार आहेत. खिडकीएवढं मोठं तोंड करून पिशवीचं अस्तर हिरडीच्या कातडीला टाक्यांनी शिवून टाकतात. याला मार्सुपियलायझेशन म्हणतात, कांगारूच्या पोटाच्या पिशवीवरून. जर्मन सर्जन कार्ल पार्च यांनी ही पद्धत १८९२ साली मांडली, म्हणजे करोनाच्या कितीतरी आधी. दुसऱ्या प्रकारात भोक लहान ठेवून त्यात नळी बसवतात. हे डीकॉम्प्रेशन. या लेखात दोन्हींना आपण सरळ 'नळीचा उपचार' म्हणू.

याच्या उलट म्हणजे अख्खी पिशवी एकाच वेळी सोलून काढणं. लहान गाठीला तेच उत्तम. पण गाठ मोठी असेल, खालच्या ओठाला संवेदना देणारी नस पिशवीला चिकटून असेल, जबड्याच्या खालच्या काठाचं हाड पापडाएवढं उरलं असेल, तर सोलून काढताना ओठ बधिर होणं, जबडा मोडणं, शेजारचे चांगले दात मरणं हे धोके असतात. शिवाय पूर्ण भूल, अॅडमिट होणं आणि सोबतीला माणूस. नळीच्या उपचारात काही महिन्यांनी पिशवी लहान होते, तिच्यात आणि नसेत नव्या हाडाचा थर येतो. मग उरलेली काढायची झाली तरी काम छोटं होतं. न उगवलेल्या दाताभोवतीची गाठ लहान मुलात असेल तर पुष्कळदा तो दात स्वतःच वर येतो आणि दुसऱ्या ऑपरेशनची वेळच येत नाही.

खुर्चीत काय करतात

आधी आजूबाजूच्या दातांना थंडी लावून ते जिवंत आहेत का बघतात. मेलेला दात सापडला तर गाठीचं कारण तिथेच असू शकतं. मग रूट कॅनॉल किंवा दात काढणं आलंच, आणि गाठ लहान असेल तर नुसत्या रूट कॅनॉलनेही ती बसते. त्यानंतर जाड सुईने आतलं थोडं ओढून बघतात. ही दोन मिनिटांची गोष्ट फार काही सांगते. पिवळसर, चमचमणारं पाणी आलं तर बहुधा साधी सिस्ट. पांढरट दाट ऐवज आला तर केराटोसिस्टचा संशय. काहीच आलं नाही तर आत भरीव काही असू शकतं. आणि सिरिंज ताज्या रक्ताने भरली तर हात आवरता घ्यायचा, कारण तिथे रक्तवाहिन्यांचा गुंता असू शकतो आणि कापलं तर रक्त थांबवणं अवघड होतं.

सगळं ठीक असेल तर दात काढताना देतात तीच जागेवरची भूल देतात आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचं तोंड करतात. मोठ्या गाठीवरचं हाड अनेकदा अंड्याच्या टरफलाइतकं पातळ असतं, बोटाने दाबलं तरी करकरतं. तिथे ड्रिल लागतच नाही. अस्तराचा एक तुकडा कापून फॉर्मालिनच्या बाटलीत तपासणीला जातो. हा तुकडा सोडून चालत नाही, का ते पुढे येईल. मग पोकळी सलाईनने धुऊन नळी बसवतात आणि रेशमी दोऱ्याने हिरडीला टाके घालून बांधतात. नळी कसली? बऱ्याचदा बाळाला दूध द्यायची नळी किंवा सलाईनच्या सेटचा तुकडा, आतलं टोक जरा तिरकं कापलेलं. ज्या जागी तोंड मोठं केलंय तिथे आधी औषधी पट्टी भरतात, आठ-दहा दिवसांनी ती काढून माप घेतात आणि कवळीच्या गुलाबी प्लास्टिकचं बूच बनवतात. बुचाचा बाहेरचा कठडा रुंद हवा, नाहीतर ते एखाद्या रात्री पोटात जातं.

उरलेला उपचार बेसिनवर

इथून पुढचं काम डॉक्टरांचं नाही, रुग्णाचं आहे. हा उपचार फसतो तो बहुतेक इथेच.

पाणी उकळून गार केलेलं. एका ग्लासाला, म्हणजे साधारण २०० मिलीला, पाव चमचा मीठ, जरा वर. औषधाच्या दुकानातली सलाईनची बाटली वापरली तरी चालते, पण उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. सिरिंज २० मिलीची, सुई काढून टाकलेली. टोक नळीच्या तोंडाशी टेकवायचं, आत खुपसायचं नाही, आणि दट्ट्या हळू दाबायचा. पहिलं पाणी गढूळ येतं, कधी त्यात भाताचं शीत येतं, वास येतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन सिरिंजा. दिवसातून किमान दोनदा, आणि प्रत्येक जेवणानंतर करता आलं तर उत्तम. आरशासमोर उभं राहून, ओठ एका बोटाने बाजूला धरून. पहिले चार दिवस शर्ट भिजतो, मग हात बसतो.

पाणी आत जातंय पण बाहेर येत नाही, किंवा दट्ट्या दाबतच नाही, तर नळी तुंबली आहे. जोर लावायचा नाही, फोन करायचा. नळी निघून पडली तर "सोमवारी दाखवू" म्हणायचं नाही. हिरडीचं भोक दोन-तीन दिवसांत आवळतं आणि आठवड्यात बुजतं, मग पुन्हा भूल, पुन्हा चिरा. बुचाचं उलटं होतं. आतून हाड भरत येतं तसं ते रुतायला लागतं. दर महिन्याला ते आतल्या बाजूने थोडं घासून आखूड करावं लागतं. न घासलेलं बूच म्हणजे भरणाऱ्या विहिरीत उभा ठेवलेला खांब, तेवढ्या जागी हाड धरणार कसं?

खाण्याचं पथ्य सोपं आहे, पण आपल्याकडे अवघड जातं. भडंग बंद. कुरमुरे आणि शेंगदाण्याचा चुरा थेट त्या भोकात जाऊन बसतो. मऊ भात, भाकरी दुधात कुस्करून, शिजलेल्या भाज्या. जबड्याचं हाड पातळ झालेलं असेल तर दातांनी ऊस सोलणं पूर्ण बंद, गळीत हंगाम असला तरी. आणि मिश्री. तिची काळी भुकटी नळीत साठते, अस्तर चिडतं, वर तपासताना काय दिसतंय तेच कळत नाही. "फक्त सकाळीच लावते" असं सांगितलं जातं. सकाळचीही नको.

हे किती दिवस? सहा महिने ते वर्ष, कधी थोडं जास्त. मुलांमध्ये लवकर. पहिला महिनाभर दर आठवड्याला, मग महिन्याला दाखवायचं आणि दर तीन महिन्यांनी ओपीजी काढायचा. सहा ते नऊ महिन्यांत पोकळी निम्मी किंवा त्याहून लहान झाली, तर गाडी रुळावर आहे.

करोनात हे लोकांना का पटलं

मार्च २०२० च्या शेवटी इस्लामपुरात एकाच घरातले बरेच जण बाधित सापडले आणि सगळा सांगली जिल्हा दचकला. दाताचा दवाखाना तर धास्तीचीच जागा, कारण तिथे मास्क काढून तोंड उघडावं लागतं. शिवाय दात कोरणाऱ्या यंत्राच्या पाण्याचे बारीक तुषार लाळेसकट हवेत उडतात. मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी नियमावली काढली. तिचा सूर होता: तातडीचं आधी करा, तुषार उडवणारं शक्यतो टाळा.

नळीचा उपचार या चौकटीत नेमका बसला. पूर्ण भूल नाही, म्हणून अॅडमिट नाही आणि वॉर्डात रात्र नाही. हाड पातळ असेल तर ड्रिल नाही, म्हणून तुषार नाहीत. काम पाऊण-एक तासाचं. एसटी बंद असताना जत-आटपाडीच्या माणसाला दर आठवड्याला येणं जमणार नव्हतं, तर नळीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून निदान "ठीक आहे" किंवा "उद्याच या" एवढं तरी कळत होतं. (फोटोने पोकळी दिसत नाही, फक्त नळीचं तोंड दिसतं. फोटोवर सहा महिने काढणाऱ्यांनी हे विसरू नये.) आणि सुजलेला गाल, तोंडातली नळी, सगळं मास्कखाली झाकलेलं. लग्नकार्यात चौकशी करणारंही कुणी नव्हतं.

२०२१ मध्ये आणखी एक भीती आली, काळ्या बुरशीची. वरचा जबडा सुजला की लोकांची झोप उडायची. त्या दोन्हींतला फरक आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. सिस्ट महिनोन्‌महिने गुपचूप वाढते. बुरशीचा आजार दिवसांत वाढतो, चेहरा दुखतो, दात एकदम हलायला लागतात, टाळू काळी पडू शकते, आणि रुग्णाला बहुधा मधुमेह असतो किंवा स्टिरॉइड झालेली असतात. तिथे वाट बघणं नाही.

पण समाधान मोजतात कसं?

साधी पद्धत म्हणजे शून्य ते दहाची पट्टी. जरा खोलात जायचं तर चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. चावताना त्रास होतो का, चव बदलली का, बोलताना लाज वाटते का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५६. इथे गुण जितके जास्त तितका त्रास जास्त, मार्कलिस्टच्या उलट.

आकडा वाचताना तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, विचारलं कुणी? ज्यांनी नळी बसवली त्यांनीच खुर्चीत बसवून विचारलं, तर आपला माणूस "बरं आहे डॉक्टर" म्हणणार. तो आपला रिवाज आहे, मत नव्हे. दुसरी, विचारलं कुणाला? समजा ३० जणांनी उपचार सुरू केला, सहा जण कंटाळून गळाले, उरलेल्या २४ पैकी २२ समाधानी. छापताना ते ९२ टक्के होतात. गळालेले धरले तर ७३. आणि गळालेल्यांची गाठ अजून आत आहे. तिसरी, तुलना कशाशी? २०२० साली रुग्णापुढचा दुसरा पर्याय होता ऑपरेशनची अनिश्चित वाट किंवा करोनाच्या इमारतीत मुक्काम. त्याच्या शेजारी ठेवलं तर मिठाच्या पाण्याची सिरिंज कुणालाही गोड लागेल. आज ऑपरेशन थिएटर उघडी असताना तोच माणूस तेच गुण देईल असं धरून चालू नये.

तक्रारी कसल्या येतात हे जास्त उपयोगाचं. दुखण्याची तक्रार कमी. वास, रोजची धुलाई, नळीचं टोक गालाला घासणं, आणि "किती दिवस चालणार?" ही जास्त. सुरुवातीलाच "वर्ष लागेल, वास येईल, रोज धुवावं लागेल" असं स्पष्ट सांगितलेला रुग्ण कमी कुरकुरतो. "दोन-तीन महिन्यांत होईल" ऐकलेला चौथ्या महिन्यात येणं सोडतो.

"गाठ आत ठेवली तर कॅन्सर नाही ना होणार?"

सिस्टच्या अस्तरातून कॅन्सर होणं फार क्वचित. खरी भीती वेगळी आहे. एक्स-रेवर सिस्टसारखीच दिसणारी, पण स्वभावाने आक्रमक अशी अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ असते. तिला नळीच्या भरवशावर सोडून चालत नाही. ओळखायची कशी? तो फॉर्मालिनमधला तुकडा. म्हणून तपासणीचा रिपोर्ट आला का, हे रुग्णाने स्वतः विचारावं, आणि कागद घरी ठेवावा. तुकडा एकाच जागेचा असतो, पिशवीच्या दुसऱ्या भागात वेगळं काही असू शकतं. त्यामुळे शेवटी उरलेली पिशवी काढली की तीही तपासायला पाठवतात. आणि तीन-चार महिने नीट धुऊनही पोकळी तसूभर कमी होत नसेल, तर पुन्हा तुकडा घ्यायला हवा.

"गाठीला टोचलं की पसरते" हे गावोगाव ऐकू येतं. पाण्याच्या पिशवीला ते लागू नाही. तिला वाट करून देणं हाच तर उपचार आहे.

"मग सगळ्यांनाच नळी का नाही?"

दोन सेंटीमीटरच्या गाठीसाठी वर्षभर सिरिंज धरायला लावणं हा रुग्णावर अन्याय आहे. ती एका बैठकीत काढावी. ज्याला आरशासमोर उभं राहून हे करता येत नाही, घरात करून देणारं कुणी नाही, किंवा जो ऊसतोडीसाठी चार महिने फडावर असतो, त्याच्यासाठी कागदावर उत्तम असलेला हा उपचार प्रत्यक्षात वाईट ठरू शकतो. हे विचारूनच ठरवायला हवं.

केराटोसिस्टचं मात्र उलट आहे. ती नुसती सोलून काढली तर चारातल्या एकाला पुन्हा होते, कारण तिचं अस्तर ओल्या कागदासारखं फाटतं आणि तुकडे मागे राहतात. काही महिने नळी ठेवली की तेच अस्तर जाड होतं, सलग सुटून येतं आणि परत होण्याचं प्रमाण बरंच खाली येतं. म्हणजे इथे नळी ही पुढच्या ऑपरेशनची मशागत झाली. सूज उतरली म्हणून त्या ऑपरेशनला न येणारे नंतर मोठी गाठ घेऊन येतात. करोनाच्या काळात नळी बसवून पुढे दाखवलंच नाही, असं कुणी असेल तर त्याने दुखण्याची वाट न बघता एक ओपीजी काढून घ्यावा.

केराटोसिस्ट काढल्यावरही निदान पाच वर्षं दरवर्षी एक फिल्म काढायची, त्यानंतर जरा लांबच्या अंतराने. डॉक्टरांना जुनी आणि नवी शेजारी ठेवून बघायची असते. फिल्मा कपाटात सपाट ठेवाव्यात, गुंडाळून रबर लावू नये. त्यावर तारीख छापलेली नसेल तर पाकिटावर पेनने घालून घ्यावी.